सापडल्याचं ठिकाण

"ताई, सगळ्यांची पानां साफ झाली. तुमचां तेवडां रवलां," अतहर म्हणाला आणि खुर्ची ओढून प्रेमलताच्या टेबलासमोर बसला.

"साफ म्हंजे?"

"म्हंजे पुसली. स्टोअरच्या धुरींच्या पानार तोंडवलीच्या खोल्यांचे रेट होते. एसी, बिगर एसी, जेवणासकट. बुशराच्या पानार मेंदीचे फोटो आणि खाली 'ऑर्डर स्वीकारली जाईल'. अकाउंटच्या सायबांच्या पानार कोकम सरबत. संशोधन केंद्राचो सर्व्हर काय बाजार आसा?"

"आणि तुज्या पानार काय होतां रे?"

अतहर हसला. "आरोंद्याची क्रिकेटची टीम. ती मी पयलीच काडलंय. नायतर धुरी माका सोडूचो नाय."

प्रेमलता हसली नाही. तिने समोरची फाइल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. सकाळपासून तिसऱ्यांदा ती पाण्याची बाटली भरायला उठली, तेव्हा बाटली भरलेलीच होती.

मुख्यालयाचं परिपत्रक तिनेच टाइप करून फलकावर लावलं होतं. केंद्राच्या संकेतस्थळावरच्या कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक पानांवर नाव, हुद्दा, शिक्षण आणि कामाची माहिती असावी. जाहिरात, धार्मिक वा राजकीय मजकूर, खासगी बाबी, इतरांचे फोटो आणि फोन नंबर असू नयेत. नियमात न बसणारं पान शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पूर्ण बंद होईल. टाइप करताना तिची एकही चूक झाली नव्हती. आणि आज शुक्रवार होता.

या पानांची सुरुवात जुन्या प्रमुखांनी केली होती. या समुद्र संशोधन केंद्रात नवा सर्व्हर आला तेव्हा त्यांनी फर्मान काढलं की शिपायापासून शास्त्रज्ञापर्यंत प्रत्येकाने स्वतःचं एक पान करायचं, म्हणजे संगणकाची भीती जाईल. प्रेमलता मेथर, लिपिक, हिने आपल्या पानावर नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि छंद म्हणून रांगोळी लिहिलं. त्यानंतर कित्येक वर्षं तिने ते पान उघडून पाहिलं नाही. आईचं आजारपण, मग आई गेली, मग धाकट्या भावाचं, विकीचं शिक्षण, जे त्याने अर्ध्यात सोडलं. स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. पानावर रांगोळी तशीच होती.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या वादळी वाऱ्यात 'रवळनाथ कृपा' ही होडी परत आली नाही. होडीवर दोघे होते. एक खलाशी रेडीच्या पुढे रिकाम्या कॅनला धरून तरंगताना जिवंत सापडला. विकी सापडला नाही, होडीही नाही. शोध थांबल्यावर एका दुपारी प्रेमलताने पान उघडलं, रांगोळी पुसली आणि तिथे विकीचा फोटो घातला. खाली लिहिलं की होडीचा रंग निळा आणि जाळ्याचे बोये पिवळे, त्यावर दोन काळे पट्टे. काही वाहून आलं तर कळवा. मग स्वतःचा नंबर.

या किनाऱ्यावर प्रत्येक घराची बोयांवरची, जाळं तरंगतं ठेवणाऱ्या गोळ्यांवरची, खूण वेगळी असते. कोणाची फुली, कोणाची खाच, कोणाचा दुसऱ्या रंगाचा पट्टा. दर्यात सुटलेला बोया जिथे लागेल तिथला माणूस खूण बघून विचारतो, हा कोणाचा. पूर्वी हे विचारणं बाजारातून चालायचं, आता फोनवरून चालू लागलं होतं. पहिला फोन तोंडवलीहून आला. वल्हं सापडलंय, त्यावर लाल खूण आहे, तुमचं का? तिचं नव्हतं. पण त्या माणसाने एवढ्या आपुलकीने विचारलं होतं की तिने वल्ह्याचा फोटो मागवून पानावर घातला. चार दिवसांनी वल्ह्याचा मालक आचऱ्यात सापडला. मग जाळी येऊ लागली, नांगर, डिझेलचे कॅन, एकदा तर नवी कोरी चप्पल, एकाच पायाची. प्रेमलताने कोणालाही नाही म्हटलं नाही. तिच्या वाडीत रापण ओढायची पद्धत होती, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंचे दोर धरून ओढायचं मोठं जाळं. तिथे ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा. तू कोण, कुठला, हे कोणी विचारत नाही. पानाचंही तसंच झालं. वैयक्तिक पानावर वैयक्तिक म्हणावी अशी एकच नोंद उरली होती, सगळ्यांत खाली, सगळ्यांत जुनी.

टेबलावरचा फोन वाजला आणि ती एवढ्या घाईने उठली की अतहरने टेबल धरलं.

"प्रेमाबाय, इक्बाल बोलतंय, रेडीसून."

"काय गावलां? पिवळो?"

"नाय गो. निळो बोयो आसा, तेच्यार पांढरी फुली. जाळां पण आसा थोडां, पण तां आता माश्यांच्या कामाचां नाय, कोंबड्यांच्या कामाचां." इक्बालचं बंदराजवळ मासळीचं दुकान होतं आणि सापडलेल्या प्रत्येक वस्तूसाठी तो स्वतः फोन करायचा. "फोटो धाडतंय. आणि माजो फोटो कदी घालतलंस तुज्या पानार? मी पण वाहून इलेलोच आसंय. बायको इचारता, ह्यो माणूस नेमको खंयचो."

"इक्बालभाई, आजच्यान पान बंद होतलां."

पलीकडे बर्फ फोडण्याचा आवाज थांबला.

"कोण बंद करता?"

"नियम इलो."

"मगे विकीचां काय?"

तिने समोरची फाइल पुन्हा बंद केली. इक्बाल म्हणाला, "बरां, फोटो धाडतंय तरी. पाचपावेतो घाल." आणि त्याने फोन ठेवला.

अतहर पेनाचं टोपण चावत होता. मग पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, "ताई, एक करूया. मी हां पान दुसऱ्या फोल्डरात नेऊन ठेवतंय. नाव बदलून. कोणाक कळूचां नाय."

"कोणाक कळूचां नाय, मगे इक्बालाक दिसतलां कसां?"

अतहरने टोपण पेनाला लावलं.

दुपारच्या जेवणाआधी दीपिका मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम केंद्राच्या नव्या प्रमुख. वयाने प्रेमलतापेक्षा लहान, आणि कोणी समोर उभं राहिलं की त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. "बसा ना प्रेमलताबाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्क्रीनवर प्रेमलताचंच पान उघडं होतं.

"मी काल हे सगळं वाचून काढलं. तुम्हाला कल्पना आहे का हे काय आहे?"

"काढून टाकते मॅडम. पाचच्या आधी."

"नाही, नाही. ऐका तरी." मॅडम खुर्चीतून पुढे सरकल्या. "कुठली वस्तू कुठून सुटली, कधी सुटली, कुठे लागली. दोन वर्षं, सगळ्या ऋतूंमध्ये. किनाऱ्याजवळचा प्रवाह कसा वाहतो ते कळायला आम्ही महागडे बोये सोडतो आणि निम्मे आमचेच हरवतात. त्यातला एक इथे आहे, हा बघा. आरोंद्याच्या एका काकांनी त्यात तुळस लावली होती."

"त्यांनी विचारलं होतं मॅडम, परत देऊ का म्हणून. तेव्हा केंद्रातून कोणी गेलं नाही."

मॅडम मोकळेपणाने हसल्या, आणि प्रेमलतालाही सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकून बसावंसं वाटलं.

"मी मुख्यालयाशी बोलले. हे पान तुमचं राहणार नाही, केंद्राचं होईल. मग वैयक्तिक पानाचा नियम त्याला लागणारच नाही. लोकांचे नंबर काढू, केंद्राचा देऊ, फोन तुमच्याच टेबलावर येईल. अतहर तक्ता करतोय. वस्तू, खूण, तारीख, सापडल्याचं ठिकाण. ठिकाण नकाशावर दाखवायचं." त्या थांबल्या. "फक्त ती सगळ्यांत खालची नोंद."

प्रेमलताची पाठ पुन्हा सरळ झाली.

"बाकी सगळ्या सापडलेल्या वस्तू आहेत. ती तशी नाही. माणसाचा शोध हे पोलिसांचं काम, आणि नियमाप्रमाणे ती खासगी बाब होते. मला वर उत्तर द्यावं लागतं."

"माझा भाऊ आहे तो, मॅडम."

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. आणि टेबलावरची टाचणी उगाच डबीत टाकली. "ती राहिली तर मला सगळंच बंद करावं लागेल. तुम्ही ठरवा. मी तुमच्यावर लादणार नाही."

डबा तिने उघडलाच नाही. ती केंद्राच्या मागच्या बाजूला गेली, तिथून पुढे आली, खारे दाणे घेतले आणि पुडी तशीच हातात ठेवली. समुद्र इथून खाली दिसायचा. दुपारच्या उन्हात त्याला रंगच नव्हता.

तिच्या डोक्यात मॅडम नव्हत्या, मुख्यालय नव्हतं. आबा होते, तिचे वडील. रोज संध्याकाळी आबा किनाऱ्यावरच्या मांगरात, होड्यांच्या खोपीत, जाळं सांधत बसलेले असत आणि ती आली की हात थांबवून म्हणत, "आज काय गावलां?" ती मोबाइलवर पान उघडून वरपासून खालपर्यंत वाचायची. नव्या नोंदी, मग जुन्या, मग सगळ्यांत खाली, "विकी मेथर. होडी रवळनाथ कृपा. पिवळे बोये, दोन काळे पट्टे." आबा डोळे मिटून ऐकायचे. शेवटची ओळ झाली की डोळे उघडायचे आणि सुई पुन्हा जाळ्यात घालायचे. दोन वर्षांत त्यांनी विकीच्या नावाने ना कसला विधी केला होता, ना त्याचा शर्ट खुंटीवरून काढला होता. लोकांनी सुरुवातीला सुचवलं. आबा म्हणाले, "पानार आसा तो अजून." त्यानंतर कोणी सुचवलं नाही.

दुपारभर ती आणि अतहर नव्या तक्त्यात जुन्या नोंदी घालत बसले. तोंडवलीचं वल्हं बसलं. आचऱ्याचं जाळं बसलं. एका पायाची चप्पल बसली. इक्बालचा निळा बोया रेडीच्या यशवंतगडाखाली एका टिंबासारखा जाऊन बसला. नकाशावर किनाऱ्याच्या कडेने टिंबं वाढत गेली, आणि अतहर म्हणाला, "बगा ताई, चतुर्थीच्या माटवीक टांगतत तशी कवंडळां दिसतत." गणपतीच्या वरच्या चौकटीला टांगायची ती रानफळं.

शेवटी एकच नोंद राहिली.

"घालून बग," ती म्हणाली.

"ताई, मॅडम..."

"घालून तर बग रे."

अतहरने विकीचं नाव घातलं. होडी घातली. खूण घातली. तारीख, म्हणून होडी सुटली तो दिवस घातला. मग जतन करायचं बटण दाबलं. स्क्रीनवर लाल अक्षरात आलं, सापडल्याचं ठिकाण भरा.

"रिकामां सोडूक जमणा नाय," अतहर ओशाळून म्हणाला. "मीच तसां केलंय. नायतर लोक अर्धवट भरतत." मग माउस तिच्याकडे सरकवत म्हणाला, "तुमी खंयपण टिंब ठेवा. दर्यात. घेता तो. मॅडम बगूच्या नायत, आणि बगल्यानी तर माजी चूक म्हणान सांगतंय."

प्रेमलताने माउस हातात घेतला. बाण नकाशावर आला. तिने तो रेडीजवळ नेला, जिथे खलाशी सापडला होता. तिथून वारा त्या रात्री खालच्या अंगाला होता, म्हणून बाण गोव्याकडे नेला. मग तिला आठवलं, दोन दिवसांनी वारा फिरला होता. बाण परत वर आला, आरोंद्याच्या खाडीच्या तोंडाशी, तिथून मालवणच्या समोर, तिथून आणखी आत. आत गेल्यावर नकाशात काही फरकच राहिला नाही. सगळीकडे एकच निळा रंग. कुठेही बोट दाबलं असतं तरी तिथे टिंब उमटलं असतं.

तिने माउस सोडला, उठली आणि मॅडमच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मॅडम, एक विचारायचं होतं. ऑक्टोबरात सुटलेला बोया दोन वर्षांनी कुठे असेल? तुमच्या हिशेबाने?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. 

"इतक्या काळानंतर सांगता येत नाही, प्रेमलताबाई. पहिले काही दिवस अंदाज बांधता येतो. मग चूक एवढी वाढते की आकड्याला अर्थ राहत नाही. बोया कदाचित कुठे तरी असेल अजून. प्लॅस्टिक टिकतं."

"बोया टिकतो," प्रेमलता म्हणाली.

"हो."

ती बोयाबद्दलच बोलली होती आणि मॅडमही बोयाबद्दलच बोलल्या होत्या. 

परत आली तेव्हा अतहर घड्याळाकडे बघत होता. "ताई, पाच वाजतले. मी काडू काय? तुमी चाय पिऊन येवा."

"नको. दुसऱ्याच्या हातान नको."

ती बसली. जुन्या पानावर जाऊन विकीचा फोटो मोठा केला. जत्रेतला होता. मागे विजेच्या माळा, आणि विकीने कोणाच्या तरी बोलण्यावर तोंड वळवलेलं, त्यामुळे एक कान जास्त दिसत होता. तिने फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतला. मग ओळ निवडली. संगणकाने विचारलं, नक्की काढायचं का. तिने हो म्हटलं. ओळ गेली, आणि आता सगळ्यांत खाली तोंडवलीचं लाल खुणेचं वल्हं होतं.

"झालां," ती म्हणाली, आणि पर्समध्ये डबा भरू लागली. डबा दोनदा उलटा गेला.

किनाऱ्यावर पोचली तेव्हा रापण ओढून झाली होती. जाळ्याभोवती कावळे आणि बायकांचा एकच गलका होता. आबा मांगरात होते. तिची चाहूल लागताच सुई थांबली.

"आज काय गावलां?"

ती त्यांच्याजवळ पाटावर बसली. मोबाइल काढला. "रेडीक निळो बोयो. पांढरी फुली."

"फुली म्हणजे केळुसच्यांचो असतलो."

"आचऱ्याक जाळां. देवबागाक कॅन, डिझेलचो." ती वाचत गेली. नेहमीपेक्षा सावकाश. चप्पल वाचली, तुळशीचा बोया वाचला. तोंडवलीचं वल्हं वाचलं. आणि थांबली.

आबांचे डोळे मिटलेलेच होते. बाहेर कोणी तरी कोणाला शिव्या घालत टोपली मागत होतं.

"मगे?" आबा म्हणाले.

"इतक्यांच."

 डोळे न उघडताच आबांनी विचारलं, "त्यांनी काडल्यानी?"

तिला हो म्हणता आलं असतं. परिपत्रक होतं, मुख्यालय होतं.

"नाय आबा. मी काडलंय."

आबांनी डोळे उघडले. सुईतला दोरा दातांनी तोडला आणि सुई बांबूत खोचली. "चल," ते म्हणाले. "वाटे घालतत."

वाळूवर मासळीचे ढीग एका रांगेत लावलेले होते. बांगडा, तारली, मध्ये एखादी सुरमई, सगळ्या ढिगांत सारखं पडेल असं. आता प्रत्येकाने आपली एक वस्तू द्यायची, ती ज्या ढिगावर पडेल तो त्याचा वाटा, म्हणजे भांडण नको. शेवंतीकाकी पदर पसरून फिरत होती. कोणी लायटर टाकत होतं, कोणी चावी, कोणी विडीचं बंडल.

"मेल्या, बंडल मोजून घे, माका मगे चोर म्हणशीत," शेवंतीकाकी एकाला म्हणाली आणि आबांसमोर येऊन उभी राहिली.

आबा दोन वर्षं दोन वस्तू टाकत आले होते. स्वतःची चुन्याची डबी, आणि विकीसाठी घरात उरलेल्या पिवळ्या बोयाचा एक तुकडा, ज्यावर काळा पट्टा होता. विकीचा वाटा चालू ठेवा असं कोणी ठरवलं नव्हतं आणि बंद करा असंही कोणी म्हणालं नव्हतं. ढीग मांडणारा नेहमी एक वाटा जास्तच मांडायचा.

आबांनी खिशातून चुन्याची डबी तेवढी काढली आणि तिच्या पदरात टाकली.

शेवंतीकाकी थांबून राहिली. "आणि दुसरां?"

"एकच," आबा म्हणाले.

तिने आबांकडे पाहिलं, मग प्रेमलताकडे. मग ती ढिगांकडे वळली आणि नेहमीप्रमाणे मान वर करून, न बघता, एकेक वस्तू टाकत गेली. रांगेच्या टोकाला पोचली तेव्हा तिचा पदर रिकामा झाला होता आणि एक ढीग तसाच राहिला होता.  कावळ्याने उडी मारली, त्याला कोणी हाकललं नाही.

"मोडा तो," आबा म्हणाले. "सगळ्यांत घाला."

ढीग मांडणाऱ्या दोघांनी वाकून दोन्ही हातांनी ढीग उचलला आणि रांगेतून चालत प्रत्येक ढिगावर थोडी थोडी मासळी टाकत गेले. शेवटी वाळूवर ओला डाग आणि चार खवले राहिले.

आबांनी आपला वाटा टोपलीत भरला. रोज ती टोपली जड असायची, म्हणून एक कान आबा धरायचे आणि एक प्रेमलता, आणि दोघं वाळूतून पाय जुळवत घरापर्यंत चालायची. सवयीने ती पुढे झाली. पण आबांनी टोपली एका हाताने उचलली होती आणि ते चालूही लागले होते. त्यांचा दुसरा हात खिशात होता. प्रेमलता त्यांच्या बाजूने चालू लागली, तिचा हात अजून थोडा पुढे केलेलाच होता.